जाऊबाईंच्या मोराची फाईल

आमच्या चिखलीजवळच्या उंद्रीच्या घरात ओसरीला लागून एक पत्र्याची खोली आहे. तिच्यात बाराही महिने दोन वास मुक्कामाला असतात: एक मशीनच्या तेलाचा, दुसरा कोऱ्या कापडाच्या खळीचा. उन्हाळ्यात पत्रा तापला आणि अंगणातल्या खाटांवर कुरडया वाळत पडल्या, की तिसरा, आंबूस वास खिडकीतून आत उतरतो आणि त्या दोघांच्या मधे पाहुण्यासारखा बसतो. ही खोली माझ्या थोरल्या जाऊबाईंची. तिथे त्यांचं भरतकामाचं कॉम्प्युटर मशीन चालतं. सुई इतक्या वेगाने खालीवर होते की तिचा आवाज टाक्याटाक्यांचा राहत नाही. तो दूरच्या शेतातल्या मोटारपंपासारखी एकच सलग गुणगुण होऊन जातो.

जाऊबाईंची सारी कीर्ती एका मोरावर उभी होती. मान किंचित मागे वळवलेला, पिसारा मिटलेला, आणि चेहऱ्यावर नुकतंच कुणाचं तरी उणं काढून आल्यासारखा भाव. तो त्यांनी स्वतः जुळवला होता; जुन्या मशीनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर, बाणांची बटणं दाबत, एकेक टाका मांडत. त्यानंतर गावात जिचं लग्न ठरलं तिच्या शालूच्या ब्लाउजवर, पाठीच्या मधोमध, तो मोर जाऊन बसला. मांडवात बायका दाटीने बसल्या की मागच्या रांगेतून मोरच मोर दिसायचे, आणि सगळे एकाच दिशेला बघून नाराज.

यंदा जाऊबाईंच्या स्वतःच्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा सुलतानपूरचा. पत्रिका छापून आल्या आणि त्याच आठवड्यात एका दुपारी विजेचा दाब अचानक वाढला. कूलर किंचाळला, आणि जुन्या मशीनमधून करपलेल्या गुळासारखा वास आला. मशीन गेलं ते गेलंच. चिखलीहून नवं मशीन आलं, पांढरंशुभ्र, दवाखान्यातल्या वस्तूसारखं. पण पेनड्राइव्हवर जपलेला मोर जाऊबाईंनी त्याला दाखवला, तेव्हा त्याने पडद्यावर एक लाल फुली काढून तोंड फिरवलं.

मशीन बसवायला आलेला मेकॅनिक म्हणाला, "काकू, ही जुन्या मशीनची फाईल हाय. याले वाचता येत नाई. आमच्याकडं तयार मोर हायेत ना, पाहून घ्या."

जाऊबाईंनी त्याचे तयार मोर चष्मा लावून पाहिले.

"हे मोर हाय?" त्या म्हणाल्या. "याचे पाय पाह्य जरा. बदक हाय हे."

मेकॅनिक चहा घेऊन निघून गेला. जाऊबाई मशीनसमोरच्या स्टुलावर बसून राहिल्या. त्यांना शांत बसलेलं मी त्याआधी फक्त ग्रहणात पाहिलं होतं.

"गावातल्या साऱ्या पोरीईच्या पाठीवर माहा मोर गेला," त्या शेवटी बोलल्या, "अन् माही पोरगी काय बदक घेऊन बोहल्यावर चढते?"

"आई, मले साधा ब्लाउज बी चालते," पुतणी दारातून म्हणाली. "तसा बी तो मोर माह्या साऱ्या मैत्रिणीईच्या पाठीवर हाय."

"तू गप!"

मी सुचवून पाहिलं, "ताई, पुन्हा जुळवता येईल की. तुमच्याच हातचा आहे."

"काऊन वं, तुही कविता तुले दुसऱ्यांदा तशीच लिहिता येते का?"

माझ्या कवितांविषयी त्या घरात इतकं नेमकं कुणी कधी बोललं नव्हतं.

मी चिखलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते आणि वृत्तबद्ध कविता लिहिते. लघू आणि गुरू मोजताना बोटं दुखू लागली, म्हणून मोबाईलवरचे व्हिडिओ बघत बघत मी थोडं प्रोग्रामिंग शिकले होते, आणि ओळीचं वृत्त तपासणारा एक छोटासा प्रोग्राम तयार केला होता. घरात त्याला 'कविता मोजायचं मशीन' म्हणत. पाहुण्यांपुढे त्याचा उल्लेख होई तेव्हा भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, लगेच पिकाचा विषय काढत.

"तुह्या त्या कविता मोजायच्या मशीनमधी टाक ना माहा मोर," जाऊबाई म्हणाल्या. ही विनंती नव्हती.

मी लॅपटॉप आणला आणि मोराची फाईल साध्या मजकुरासारखी उघडली. पडद्यावर जे उमटलं ते पाहून आम्ही तिघी मागे सरकलो. चौकोन, प्रश्नचिन्हं, टोप्या घातलेली अक्षरं, मधेच एक परदेशी नाण्याची खूण. जणू जगातल्या सगळ्या लिप्या नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या.

"याच्यात माहा मोर कुठाय?"

"आहे, ताई. फक्त तो अक्षरांत नाही, आकड्यांत आहे."

साध्या मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा असते आणि ओळ कुठे संपली ते दिसतं. या फाईलीत नुसते आकडे होते, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचे, एकाला एक चिकटलेले. कोणता आकडा कशाचा, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. तो कितव्या जागी बसला आहे यावरून ओळखायचं. मला ही रीत परकी वाटली नाही. पोथीत श्लोक सलग लिहिलेले असतात, आणि चरण कुठे मोडायचा हे वृत्त ठाऊक असेल त्यालाच कळतं. प्रश्न एवढाच होता की या मोराचं वृत्त कोणतं.

अवघड कवितेचं वृत्त सापडत नसेल तर त्याच कवीची सर्वांत सोपी ओळ आधी पाहावी, असा माझा शिरस्ता आहे.

"ताई, जुन्या मशीनवर तुम्ही केलेलं सगळ्यात बिनडोक काम कोणतं?"

"ह्याईच्या रुमालाची रेघ," त्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या भाऊजींकडे हात करून म्हणाल्या. "निस्ती सरळ."

भाऊजींनी रुमाल खिशात आणखी खोल सारला.

रुमालाच्या रेघेची फाईल पेनड्राइव्हवर होती. सुरुवातीला थोडी प्रस्तावना: डिझाईनचं नाव, टाके किती, रंग किती. त्यानंतर तीनच आकडे पुन्हा पुन्हा: वीस, शून्य, शून्य. वीस, शून्य, शून्य. गोठ्यात म्हशीने रवंथ करावा तसे संथ, समाधानी आणि न संपणारे. मला वृत्त सापडलं. पहिला आकडा बाजूला किती सरकायचं ते सांगत होता, दुसरा वर किती ते. आणि तिसऱ्यात सुईला हुकूम होता, की टाका घाल, नुसतीच उडी मार किंवा धागा बदल. फाईल कुठेही 'अमुक जागी जा' असं म्हणत नव्हती. आधीच्या टाक्यापासून किती, एवढंच. आमच्या गावात पत्ता असाच सांगतात: पारापासून थोडं पुढं, मग डाव्या अंगाला, मग जरा वर. मधलं एक वाक्य गाळलं तर माणूस भलत्याच्या अंगणात.

"कायच्यात लिहून राह्यली?" भाऊजींनी विचारलं.

"पायथनमध्ये."

"अजगर?"

"मायवं," जाऊबाई ओरडल्या, "मोराच्या कामाले साप बोलावला?"

दुसऱ्या दुपारी प्रोग्राम तयार झाला. कूलरमधून ओल्या वाळ्याचा हिरवा वास येत होता. जाऊबाई कुरडयांचा चीक लागलेले हात हवेत धरून माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून एक रेघ उगवली आणि वर, उजवीकडे, वर, उजवीकडे अशी जी निघाली, ती थांबेचना. ना तिला पोट, ना मान. पडद्याचा काठ आला आणि ती काठाबाहेरही चालत गेली.

"कुठं चालला वं हा?"

"ईशान्येला," मी म्हणाले.

"मंग संग्रामपूरच्या वाटेले लागला," भाऊजींनी हिशेब केला. "तिथून सातपुडा जवळ. जंगलातलं पाखरू, जंगलात चाललं. जाऊ दे त्याले."

चूक शोधायला मला संध्याकाळपर्यंतचा वेळ लागला, आणि सापडली तेव्हा ती इतकी लहान होती की मला तिचा राग आला. एक पाऊल मागे ये असं सांगायला ही फाईल दोनशे पंचावन्न लिहिते. दोन पावलं मागे, तर दोनशे चोपन्न. निम्म्यावरचा प्रत्येक आकडा म्हणजे मागे फिरण्याचा निरोप. आणि मी तो पुढे धावण्याचा हुकूम म्हणून वाचत होते. माझ्या मोराला परत फिरणं ठाऊकच नव्हतं. प्रोग्रामात एका मोठ्या अक्षराच्या जागी छोटं अक्षर घालताच काम झालं.

जाऊबाईंना मात्र ते पटलं नाही. "एक पाऊल मागं यायचं त दोनशे पंचावन्न काऊन म्हनते?"

"तशी पद्धत आहे, ताई."

"मान्साईसारखंच हाय मंग. मागं यायचं असलं की आधी लय मोठं बोलते."

भाऊजी उठून बाहेर गेले.

पुन्हा बटण दाबलं. या वेळी रेघ वळली, फिरली, स्वतःभोवती गोळा झाली, आणि पडद्यावर एक जाडजूड प्राणी पाय वर करून लटकला.

"वटवाघूळ," पुतणी म्हणाली.

मशीनची वरची दिशा आणि पडद्याची वरची दिशा एकमेकींच्या उलट होत्या. मी एक उणे चिन्ह घातलं. वटवाघळाने हवेत कोलांटी घेतली आणि ते पायांवर उभं राहिलं.

तोच होता. मान मागे, पिसारा मिटलेला, चेहऱ्यावर तीच नाराजी. जाऊबाईंनी चिकाने चिकट झालेलं बोट पडद्यावर टेकवलं आणि मानेवरून, पाठीवरून, पिसाऱ्याच्या शेवटच्या पिसापर्यंत हळूच फिरवलं. मागे एक ओलसर, पांढरी रेघ राहिली. तिच्यातून निळे आणि हिरवे ठिपके मोठे होऊन चमकत होते.

"आला वं माहा मोर," त्या म्हणाल्या. मग पदराने पडदा पुसू लागल्या, आणि जरा जास्तच वेळ पुसत राहिल्या.

आता हा मोर नव्या मशीनला कळेल अशा मांडणीत लिहून द्यायचा, एवढंच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी हळद. सकाळी जाऊबाई जात्याला सुपारी बांधायच्या गडबडीत असताना मी मोराकडे पुन्हा एकदा, कविता छापायला देण्याआधी पाहावं तसं, डोळ्यांत तेल घालून पाहिलं. तेव्हा मला ते दिसलं. मोराच्या पायाशी काळ्या धाग्याची एक गाठ होती. पाचसहा टाके, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले; ना नख, ना गवताची काडी. ती येत होती तीही भलत्याच वेळी. मान शिवून झाली की सुई उड्या मारत थेट पायाशी उतरते, धागा बदलून काळा होतो, गाठ पडते, सुई तशाच उड्या मारत परत मानेवर येते, आणि मग डोळा, चोच, तुरा. कोणताही शहाणा मोर या क्रमाने शिवला जाणार नाही. पेनड्राइव्ह जुना आहे, तेव्हा हे आकडे नासले असणार, असं मी ठरवलं. कवितेत भरीचा शब्द दिसला की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. मी काळ्या धाग्याचा सगळा तुकडा उडवला, फाईल लिहिली, आणि स्वतःवर खूश होऊन पेनड्राइव्ह जाऊबाईंच्या हाती ठेवला.

"आधी उशीच्या अभ्र्यावर पाहू," त्या म्हणाल्या. हळदीला आलेल्या बायका दारात गोळा झाल्या. नव्या मशीनने फाईल वाचली. लाल फुली आली नाही. सुई सुरू झाली आणि अभ्र्यावर हिरवा पिसारा उमटू लागला, मग निळी पाठ, मग पोट. धाग्याचा आणि तापलेल्या तेलाचा वास दरवळला. मान वळत वळत वर चढली. जाऊबाईंनी हात जोडले.

मानेच्या टोकाला पोचलेली सुई क्षणभर थांबली, आणि टुणटुण उड्या मारत थेट पायाशी उतरली. तिथेच तिने डोळा काढला. चोच काढली. तुरा काढला. मग अत्यंत नीटनेटका शेवटचा टाका घालून ती विसाव्याला वर गेली.

अभ्र्यावर मोर उभा होता. मान होती, पण तिच्यावर काही नव्हतं. डोकं पायांवर होतं, तुऱ्यासकट.

"माय वं," जाऊबाई म्हणाल्या, "हा त सोताच्याच पाया पडून राह्यला!"

"संस्कारी मोर हाय," बाहेरून भाऊजींचा आवाज आला.

बायका एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पुतणी हसता हसता खाली बसली. मीही हसले असते, पण जाऊबाई हसत नव्हत्या. मुहूर्त उद्याचा होता. ब्लाउज कोराच होता, आणि त्यांच्या हातात मानेवर डोकं नसलेला मोर होता. त्या अभ्र्यावर वाकल्या, नखाने मोराची चोच उचलल्यासारखं करून तिच्याखाली पाहिलं, आणि माझ्याकडे वळल्या.

"तीट कुठाय?"

"कसली तीट?"

"पायाची तीट वं! काळी! लेकराच्या तळपायाले लावतेत ना, तशी. इतका देखना मोर उघडा सोडन का मी? नजर नाई लागन?"

"ती तीट होती? मला वाटलं, आकडे नासले. मी ती काढून टाकली."

दारातलं हसणं बंद झालं. माझ्या शिक्षणाविषयी गावात ज्या शंका असतील, त्या सगळ्या त्या क्षणी खात्रीत बदललेल्या मला दिसल्या.

"पण ताई, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तीट काय डांगोरा पिटून लावतेत?" जाऊबाई म्हणाल्या. "सांगितल्यावर तिचा उपेग काय?"

"आणि मानेनंतर एकदम पायाशी? डोळा काढायच्या आधी?"

"मंग? डोळा उघडून त्यानं जग पाह्यलं, जगानं त्याले पाह्यलं, अन् मंग तीट लावून काय फायदा? आधी तीट, मंग डोळा."

क्रमाला कारण होतं, आणि ते बिनतोड होतं. मी लॅपटॉपपाशी धावले. चूक आता लख्ख दिसत होती. पायाकडे उतरायच्या उड्या निळ्या धाग्याच्या भागात होत्या, आणि परत वर यायच्या उड्या काळ्याच्या. मी काळा भाग पुसला तेव्हा जाणं तसंच राहिलं आणि येणं तेवढं पुसलं गेलं. आधीच्या टाक्यापासून किती, एवढंच जाणणारी ती फाईल. सुईने पायाशी उभं राहूनच प्रामाणिकपणे पुढचं सगळं शिवलं. जाऊबाईंचा निष्कर्ष याहून आटोपशीर होता. तीट काढली म्हणून डोकं जाग्यावर राहिलं नाही. दोन्ही निष्कर्षांवर उपाय एकच होता, त्यामुळे मी वाद घातला नाही.

काळा तुकडा जिथला तिथे परत आणला. प्रोग्राममध्ये मशीन जे वाचत नाही आणि फक्त माणसासाठी असतं, अशा टिपेची सोय असते. त्या जागी मी लिहिलं: ही चूक नाही. हात लावू नये.

मग शालूचा ब्लाउज मशीनवर चढला. मान शिवून सुई पायाशी उतरली तेव्हा सगळ्याजणी पुढे वाकल्या. एक हळदीची वाटी कुणाच्या तरी हातात तिरपी होऊन फरशीवर पिवळी धार लागली, पण कुणी खाली पाहिलं नाही. काळा धागा. गाठ. आणि सुई उड्या मारत परत वर, मानेच्या टोकावर. डोळा उघडला. मोराने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि त्याला कुणीच पसंत पडलं नाही. जाऊबाईंनी माझ्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की माझा चष्मा मशीनवर पडला.

लग्नात अंतरपाट धरला, तेव्हा सारा मांडव नवरदेव-नवरीच्या चेहऱ्यांकडे पाहत होता. जाऊबाई तेवढ्या लेकीच्या मागे जाऊन उभ्या होत्या आणि तिच्या पाठीकडे बघत अक्षता टाकत होत्या. फोटोत त्या कुठेच आलेल्या नाहीत. नवरीच्या खांद्यावरून त्यांचा तांदूळ टाकणारा हात तेवढा दिसतो.

पाठवणीच्या वेळी पुतणीच्या बॅगेचं कुलूप लागेना. जाऊबाईंनी बॅग उघडली. वरच तो अभ्रा होता, घडी करून ठेवलेला, स्वतःच्याच पाया पडणाऱ्या मोराचा.

"हे कायले नेते?"

"हा मोर कोनाच्याच पाठीवर नाई, आई," पुतणी म्हणाली. "हा फक्त माह्यापाशी हाय."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. जाऊबाईंनी कमरेची पिशवी चाचपून काजळाची डबी काढली, करंगळी बुडवली, आणि अभ्रा उलगडून मोराचा पाय शोधू लागल्या. पाय मोकळा नव्हता; तिथे डोकं होतं. करंगळी हवेत तशीच थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या बाबतीत माझ्याकडे कोणताही प्रोग्राम नव्हता.

मग त्यांनी मानेच्या टोकावर, जिथे डोकं असायला हवं होतं त्या रिकाम्या जागी, एक गोल, काळाभोर ठिपका ठेवला, त्यावर फुंकर घातली, आणि बॅगेचं कुलूप लावलं.